न केलेल्या फुटीची सही

रुग्णालयाच्या धुलाईघरात थोरलीने सव्वीस वर्षे मळक्या चादरी निवडल्या. चादर झटकायची नाही, कडेने उलगडत चाचपायची, घडीत राहिलेली सुई किंवा पाते काढायचे आणि मगच ती यंत्राकडे जाऊ द्यायची, असा तिथला रिवाज होता. यंत्रे पुरुष चालवत. निवड बायका करत. यंत्रावरच्या माणसाला सुई टोचल्याचे कोणाच्या ऐकिवात नव्हते. निवडीच्या टेबलावर मात्र सुई टोचल्यावाचून महिना जात नसे. एकीला अशाच सुईतून कावीळ जडली, तेव्हापासून थोरलीने जाड हातमोज्यांचा पिच्छा पुरवला.

कामगार संघटनेच्या कार्यकारिणीवर नऊ जण होते आणि नऊही यंत्रावरचे. त्यांच्या मनात खोट नव्हती. त्यांच्या बोटांना सुईची ओळख नव्हती, एवढेच. हातमोजे मागण्यांच्या यादीत तळाला जात आणि वाटाघाटीत सर्वांत आधी सोडले जात. तिसऱ्या वर्षी थोरलीने चौदा बायकांच्या सह्यांचा अर्ज दिला. निवडीच्या टेबलाला कार्यकारिणीत आपला प्रतिनिधी हवा, आणि तो आम्हीच ठरवू, असे त्यात होते. टेबलावरची सर्वांत बोलघेवडी बाई सही करताना म्हणाली होती की, उभा जन्म निवडण्यात गेला, आता एक माणूस निवडू द्या म्हणावं.

सरचिटणीस हा थोरलीचा सख्खा धाकटा दीर. हाडाची काडे करून त्याने ही संघटना उभी केली होती. मालकांनी आतून फूट पाडून एक संप मोडला होता. तो घाव त्याच्या मनात अजून ओला होता. अर्ज वाचताच त्याने इतिवृत्तात ‘फुटीरतावादी कारवाया’ असे शब्द लिहिले. अशा सभासदाचे नाव कमी करता येईल, असा नियम होता. नाव कमी झाले की अर्जही बाद.

नाव कमी करण्याचा विषय सभासदांच्या सभेत मताला जायचा होता; त्या सभेच्या आदल्या संध्याकाळी तो एक कागद घेऊन थोरलीच्या घरी आला. माझे वर्तन फुटीरतावादी होते, त्याबद्दल मला खेद आहे, अशा दोन ओळी होत्या.

“वहिनी, सही करा आणि विषय संपवा. एका शब्दाचा तर प्रश्न आहे.”

“अर्थ काय त्याचा, भावजी?”

“आता मला शाळेत बसवता का?”

कोपऱ्यात वह्या तपासत बसलेली थोरलीची मुलगी शिक्षिका होती. तिने न विचारता कोश काढला आणि वाचून दाखवले: मोठ्या समूहातून आपला गट वेगळा काढून स्वतंत्र करावा, असा विचार. थोरलीने विचारले की, हे वाईट असतं, असं पुढे लिहिलंय का? मुलीने नकारार्थी मान हलवली. तेवढं बोलणाराच जोडतो, ती म्हणाली.

“आम्ही वेगळ्या होणार, असं म्हटलंच नाही,” थोरली म्हणाली. “तुमच्या शेजारी बसायला खुर्ची मागितली.”

“सुरुवात अशीच होते, वहिनी. मी पाहिलंय.”

“मग जे झालंच नाही, त्याची सही आज कशी करू?”

मग तिने त्याला जुनी गोष्ट ऐकवली. मालकांच्या मर्जीतल्या पहिल्या संघटनेतून तो चाळीस माणसे घेऊन बाहेर पडला, तेव्हा त्या संघटनेच्या फलकावर त्याच्याविषयी हाच शब्द लागला होता.

“तेव्हा तुम्ही खरंच फुटला होतात, आणि बरोबर केलंत. मीही मागून आले. मला त्याची लाज वाटली नाही. उद्या फुटले, तर तसं तोंडावर सांगेन. पण राहून भांडतेय, ते राहून भांडणंच लिहा.”

त्याने चहाचा कप तसाच ठेवला आणि तो निघून गेला. थोरलीने त्या दोन ओळींवर काट मारली आणि खाली आपला खुलासा लिहिला.

नियमाप्रमाणे सभासदाचा खुलासा सभेत पूर्ण वाचावा लागे. दुसऱ्या दिवशी दिराने तो वाचला, एकही शब्द न गाळता: “आम्ही संघटना सोडलेली नाही. सोडायची झाली तर कारणे देऊन सोडू. तुम्ही आम्हाला काढलेत, तर ती फूट तुमच्या नावावर लिहावी लागेल.” मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, घरचं भांडण घरी मिटवा. बोलघेवडीने वळून विचारले, “सुया तुमच्या घरी पाठवू का मग?” हशा पिकला आणि लगेच ओसरला.

हात वर झाले. नाव कमी करण्याच्या बाजूने एकवीस, विरुद्ध सव्वीस. यंत्रावरचे बारा जण विरुद्ध होते. दिराने मत दिले नाही. त्याने इतिवृत्ताचे पान उलटून स्वतःच्या अक्षरातले ते दोन शब्द खोडले, शेजारी तारीख घातली आणि प्रतिनिधीचा विषय पुढच्या वर्षी घेऊ, असे सुचवले.

“आज,” थोरली म्हणाली.

पुढच्या वर्षीपर्यंत आणखी किती हातांना टोचेल, एवढे तिने विचारले आणि ती उभीच राहिली. तिच्यामागे एकेक करत बाकीच्या तेराजणी उभ्या राहिल्या. दिराने घड्याळाकडे पाहिले, त्यांच्याकडे पाहिले आणि टेबलावरचा अर्ज पुढे ओढला.

“बोला, वहिनी. सुरुवातीपासून सांगा.”