आत आले आणि गायब झाले

माझी आत्या सूतगिरणीच्या हजेरीखात्यात बावीस वर्षं आहे. गेटवर मॅनेजरपासून कामगारापर्यंत सगळ्यांनाच कार्ड लावावं लागतं. तिथलं यंत्र कामगाराचा नंबर ००३१२ असा नोंदवतं, तर आत कामाच्या जागेवरचं यंत्र त्यालाच डब्ल्यू-३१२ म्हणतं. आत्या रोज पट्टी लावून दोन्ही याद्या जुळवायची. नव्या मॅनेजरसाहेबांनी ते काम कॉम्प्युटरला दिलं. हे दोन्ही नंबर एकाच माणसाचे, हे त्याला सांगायची तसदी कुणी घेतली नाही.

दुसऱ्याच दिवशी फळ्यावर यादी लागली: ‘गेटमधून आत आले, पण कामावर पोचले नाहीत.’ चारशे नऊ जण! आठ-आठ तास उभं राहून पाय सुजलेल्या बायका एका कागदानं कामचुकार ठरवल्या.

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. यादी उपटून ती थेट केबिनमध्ये घुसली.

“साहेब, ही सगळी माणसं गायब होती, तर काल सूत काय भुतांनी कातलं?”

“बाई, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही.”

“बरं, नाही बोलत! काल गेटवर ज्यानं ज्यानं कार्ड लावलं, तो प्रत्येक जण या यादीत आहे. फक्त तुम्ही नाही. काल तुम्ही होतात कुठे?”