अर्धं बाळ त्याचं

“मोजे काढ.”

तुम्ही मान धरली म्हणून जा नाहीतर पित्त उसळलं म्हणून जा, डॉक्टरबाईंचं पहिलं वाक्य हेच असायचं. नाव, पत्ता वगैरे सगळं नंतर. आधी त्या खाली वाकून तुमचा तळपाय दोन्ही हातांत धरायच्या, बाजारात कलिंगड पारखावं तशा थोडं दाबायच्या, आणि भुवया वर चढवून निकाल द्यायच्या. माझा निकाल होता, “फ्रीज!”

कॅलिफोर्नियात, सनीव्हेलमध्ये आमच्या अपार्टमेंटपासून दहा मिनिटांवर दुकानांची एक बुटकी रांग होती. एका टोकाला ड्रायक्लीनर, दुसऱ्या टोकाला डोनटचं दुकान आणि मधे यांचा चिनी औषधांचा दवाखाना. बाई सत्तरीच्या आसपासच्या. उंची जेमतेम पाच फूट, त्यामुळे पांढरा कोट गुडघ्याच्या खाली जायचा. त्यांचं इंग्रजी क्रियापदांवाचून चालायचं आणि काही अडायचं नाही. त्यांचं बोलणं मी इथे मराठीत सांगतेय, पण तेवढंच तुटक ठेवते. ते जोडून घेतलं तर त्या त्याच राहणार नाहीत.

मी गेले होते मानेसाठी. चिप डिझाइनचं काम, दोन मोठे मॉनिटर, दिवसभर त्यांच्यात डोकं. त्यांनी माझ्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. आपल्याकडे वैद्य नाडी बघायचे ते तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल, तसंच. फक्त यांना वेळ फार लागायचा. मला वाटलं, झोप लागली की काय. मग जीभ बघितली. मग झोप, पोट, पाळी, सगळं विचारून झालं.

“मुलं?”

“अजून नाहीत.”

“हे ‘अजून’ किती वर्षांचं?”

“साडेतीन,” मी म्हणाले आणि रडायलाच लागले. तो आकडा तोवर मी कुणापुढे मोठ्याने उच्चारला नव्हता. त्यांनी पाठीवर हात फिरवला नाही की काही समजूत घातली नाही. उठून गरम पाण्याचा कप आणून हातात दिला आणि कप संपेपर्यंत समोर बसून राहिल्या.

मग नियम आले. बर्फाचं पाणी बंद. सकाळचं कच्चं सॅलड बंद. दहाला अंथरुणात. शंभर दिवस शरीराची तयारी, मग बाळाचा विचार. “आधी जमीन. मग बी,” त्या म्हणाल्या. मी सगळं फोनमध्ये टिपून घेतलं आणि औषधासाठी हात पुढे केला. त्यांच्या मागे भिंतभर लाकडी खण होते, त्यांत मुळ्या, साली, वाळलेली लाल बोरं.

“आज काढा नाही. नवरा आण.”

“तो नाही येणार.”

“मग काढा पण नाही. अर्धं बाळ त्याचं.”

आता इथे थोडं घरचं सांगायला हवं. माझ्या सगळ्या तपासण्या करून झाल्या होत्या आणि सगळ्या नॉर्मल होत्या. आमच्या नेहमीच्या डॉक्टरने माझ्या नवऱ्याला, समीरलाही टेस्टसाठी चिठ्ठी दिली होती. ती आठ महिने गाडीच्या कप्प्यात होती. “नेक्स्ट वीक नक्की जातो, यार. आत्ता ऑफिसात रिलीज आहे.” रिलीज झालं, त्याच्या मागचं झालं, चिठ्ठी तिथेच. मी फार ताणायची नाही, कारण ताणलं की तो गप्प व्हायचा, आणि तो गप्प झालेला मला सोसायचा नाही. दरम्यान नागपूरहून सासूबाईंचे फोन चालू होते. त्यांनी सांगितले म्हणून मी सोळा सोमवारही करून टाकले होते, ऑफिसात लंचच्या मीटिंगा सांभाळून. समीरने एखादा सोमवार करावा असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

शेवटी मी खोटं बोलले. तुझी पाठ दुखते ना, ही बाई ॲक्युपंक्चरच्या सुया छान लावते, चल.

“मोजे काढ,” बाई म्हणाल्या. त्याचे तळपाय हातात धरले आणि भुवया चढल्या. “हीटर!”

समीरला हसू आलं. मग प्रश्न सुरू झाले. व्यायाम? जिमला रोज. त्यानंतर? हॉट टबमध्ये अर्धा तास. लॅपटॉप कुठे ठेवतोस? मांडीवर. त्याचं हसू हळूहळू ओसरत गेलं.

“टेस्ट?”

“चिठ्ठी आहे,” समीर म्हणाला.

“चिठ्ठीला बाळ होत नाही.”

मग त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं. वीसेक मिनिटं मी बाहेरच्या खुर्चीत बसून आतला आवाज ऐकायचा प्रयत्न केला, पण आत बहुतेक वेळ शांतताच होती. समीर बाहेर आला आणि आम्ही घरी गेलो. त्याच आठवड्यात, गुरुवारी, तो टेस्टला गेला. बाई आत काय म्हणाल्या ते त्याने मला खूप नंतर सांगितलं. म्हणाल्या होत्या, “तू घाबरतो. ठीक. पण ती साडेतीन वर्षं एकटी घाबरते.”

रिपोर्ट चांगला नव्हता. स्पेशालिस्टने तपासलं तेव्हा कळलं की आत शिरा फुगल्यात, त्याने शुक्राणूंवर परिणाम होतो, आणि छोट्या ऑपरेशनने बऱ्याचदा फरक पडतो. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये समीर स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. गाडी सुरू करेना.

“म्हणजे इतकी वर्षं तू...” एवढंच म्हणाला तो.

मला राग यायला हवा होता. मी बरेच दिवस मनात त्याची तयारीही केली होती. पण त्या क्षणी आला नाही. नंतर आला, आणि चांगला पंधरा दिवस राहिला. तो राग काढायलाही मी डॉक्टरबाईंकडेच गेले. त्या म्हणाल्या, “चांगलं. काढ. आत ठेवलं की मान धरते.” आणि मानेत दोन सुया जास्त लावल्या.

ऑपरेशन होऊन सर्जनने हो म्हणेपर्यंत त्यांनी समीरला एक चिमूटही औषध दिलं नाही. “आधी त्यांचं काम,” म्हणाल्या. काढ्यात काय काय आहे त्याची यादी लिहून दिली, ती आमच्या डॉक्टरांना दाखवून आणायला लावली, आणि मगच खण उघडले. तो काढा म्हणजे कारल्याच्या रसात जुन्या वहीची पानं उकळावीत तसा. आम्ही दोघं ओट्यापाशी उभे राहून, नाक दाबून, एकदमच तोंडाला लावायचो. खरं सांगू? साडेतीन वर्षांत आम्ही दोघांनी मिळून केलेली ती पहिली गोष्ट होती.

त्या उन्हाळ्यात सासूबाई, म्हणजे समीरच्या आई, आल्या. गुडघे दुखत होते म्हणून मी त्यांनाही तिकडे घेऊन गेले. भाषेचा प्रश्नच आला नाही. आई मराठीत बोलत होत्या, बाई चिनीत. एकीने पिशवीतून डिंकाचा लाडू काढला, दुसरीने खणातून लाल बोरं काढली. लाडू हुंगून बाईंनी मान डोलावली, “गरम!” आईंनी बोर चाखून मान डोलावली, “उष्ण असेल हं हे.” दोघींचं एकमत झालं. मग बाईंनी आईंच्या हातात गरम पाण्याचा कप दिला.

“भर उन्हाळ्यात गरम पाणी पाजून राहिली ही मला!” आई मला म्हणाल्या, पण प्यायल्या.

समीर आम्हाला घ्यायला चालत आला होता. परत निघालो, सिग्नलला थांबलो. आई सहज म्हणाल्या, “तिला विचारायचं होतं गं, तुझ्यासाठी काही जालीम औषध आहे का. आमच्या घरात आजवर कुणाला असं झालं नाही.”

“आई,” समीर म्हणाला, “प्रॉब्लेम माझ्यात होता. ऑपरेशन माझं झालंय, फेब्रुवारीत.”

रस्ता ओलांडायच्या दिव्यातला पांढरा माणूस लागला आणि विझला. आम्ही तिघंही जागचे हललो नाही. आई आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिल्या.

“मग हिच्याकडून सोळा सोमवार कशाला करवून घेतले मी?” त्या हळूच म्हणाल्या. आणि मग एकदम त्याच्या दंडावर एक चापट मारून, “तू करायचे होते ना रे!”

उरलेला रस्ता त्या माझा हात धरून चालल्या. ‘गुडघ्यासाठी’ म्हणाल्या.

मला दिवस गेले ते त्यानंतर पाच महिन्यांनी. ऑपरेशनने, काढ्याने, झोपेने की नुसत्या नशिबाने, हे मला विचारू नका. मी डॉक्टरबाईंना विचारलं होतं. “सर्जन,” त्या म्हणाल्या. “तुम्ही दोघं. थोडं नशीब. मी गरम पाणी.” त्याआधी तीन बोटं मनगटावर बराच वेळ ठेवून त्यांनी डोळे उघडले आणि फक्त “हो” म्हणाल्या. त्या एका शब्दावर मी त्यांना मिठीच मारली. त्यांचं डोकं माझ्या खांद्याखाली कुठेतरी गेलं.

मिठीतून सुटल्यावर म्हणाल्या, “पुढच्या वेळी मागच्या दाराने ये. पोट दिसायला लागलं की मागून. बाळ आणलं तरी मागून.”

“का?”

त्यांनी बाहेरच्या खोलीकडे हनुवटी केली. तिथे दोन बायका बसल्या होत्या. एक फोनमध्ये बघत होती, दुसरी कशातच बघत नव्हती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की अशा दवाखान्यांत भिंतभर बाळांचे फोटो असतात, इथे एकही नाही. एक वर्ष मी त्या खोलीत बसत होते, आणि तिथे बसणं मला कधीच जड गेलं नव्हतं. ते का, हे त्या दिवशी कळलं.

पुढे एकदा नंतरची पेशंट उशिरा येणार होती म्हणून असेल, त्या आपणहून बोलल्या. तरुणपणी त्या त्यांच्या देशात सरकारी डॉक्टर होत्या. एका घरात एकच मूल, असा कायदा होता. त्यांचं काम गावोगाव जाऊन तो पाळला जातो ना ते बघायचं. “बायका लपायच्या. मी शोधायची. एकीने माझा हात धरला. म्हणाली, राहू दे.” त्यांनी स्वतःच्या मनगटाकडे बघितलं. “मी नाही राहू दिलं.”

मी खुर्ची थोडी पुढे ओढली.

“तिथे मी थांबवायची. इथे बोलावते. बरोबरी होत नाही. तरी बोलावते.” मग उठून खण आवरायला लागल्या. पाठ माझ्याकडे ठेवून म्हणाल्या, “मला एक मुलगी. दुसऱ्याचं विचारू नकोस.”



माझी लेक चौदा महिन्यांची असताना त्यांनी दवाखाना बंद केला. हात थरथरायला लागले होते. “थरथरत्या हाताने सुई नको,” इतकं साधं कारण. ओरेगनमध्ये राहणारी त्यांची मुलगी ट्रक घेऊन न्यायला आली होती. चाळिशीची, उंच, मोकळी हसणारी बाई, बरोबर एक म्हातारा कुत्रा. मी लेकीला कडेवर घेऊन खोकी बांधायला मदत करत होते. त्यांची मुलगी माझ्या लेकीशी दोन शब्द गोड बोलली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “तुम्हाला मुलं किती?”

मी, जिने हाच प्रश्न वर्षानुवर्षं झेलला होता, तीच हा विचारत होते. जीभ चावली, पण उशीर झाला होता.

“एकही नाही,” मुलगी हसून म्हणाली. “आम्हाला नको होतं.”

मी घाबरून डॉक्टरबाईंकडे बघितलं. इतक्या जणींसाठी बाळं बोलावणारी ही बाई, आणि तिची एकुलती एक लेक. त्या खोक्याला चिकटपट्टी लावत होत्या. पट्टी दातांनी तोडून त्या ताठ उभ्या राहिल्या.

“तिने ठरवलं,” त्या म्हणाल्या. “कुणी नाही सांगितलं. तिने स्वतः.”

इथले आपले आईबाप पोरांच्या ‘स्पेलिंग बी’ स्पर्धेच्या ट्रॉफ्या दाखवताना ज्या आवाजात बोलतात ना, अगदी त्याच आवाजात.

ट्रक भरून झाला. मुलीने त्यांना हात देऊन वर चढवलं. कुत्रा मधे बसला. मला वाटलं, त्या काहीतरी शेवटचं सांगतील, निदान माझ्या लेकीच्या गालाला हात लावतील. तसलं काही त्यांनी केलं नाही. सीटबेल्ट लावला, काच खाली केली आणि मुलीला म्हणाल्या, चल.

ट्रक डोनटच्या दुकानावरून पुढे गेला. खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला. आधी मला वाटलं, टाटा करताहेत, म्हणून मीही हात वर केला. पण त्या मागे बघतच नव्हत्या. लांबच्या प्रवासाला निघालेली शाळकरी मुलगी खेळते तशा त्या तळहात उघडा धरून, बोटं पसरून, वारा पकडत होत्या.