सरांच्या नावाचा नारळ

गोव्यात मोरजीला मी ज्या बंगल्याच्या बागेला पाणी घालायचो, त्याचा मालक क्रिकेटर. नाव सांगत नाही. शेवटच्या षटकातले त्याचे ते फटके तुम्हीही उभं राहून बघितले असतील. मी बघितले चंदगडकडे, आमच्या गावातल्या दुकानासमोर, सातवीत नापास होऊन शाळा सोडली त्या वर्षी. तेव्हा तो मला देव वाटला होता.

जवळून तो असा: रोज संध्याकाळी भिंतीएवढ्या टीव्हीवर तोच सामना लावायचा आणि समालोचकाच्या आधी समालोचकाची वाक्यं म्हणायचा. गुडघा गेला, संघातून वगळलं, तेव्हापासून त्याचा एकच उद्योग, निवड समितीची अक्कल काढणं. गुडघा वाकत नाही म्हणून बूट मला काढायला लावायचा. मित्र आले की त्याच गुडघ्यावर नाचायचा.

तरी त्याचे माझ्यावर उपकार आहेत, ते नाकारत नाही. माझ्या आईला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला इकडे आणून एका डोळ्याचं ऑपरेशन त्याने करवलं. पट्टी सुटायच्या आधी तिच्याशेजारी बसून व्हिडिओ काढला. तोही दोनदा, कारण पहिल्यात त्याचा चेहरा उजेडात नव्हता. आई दोन्ही वेळा हात जोडून बसली. दुसऱ्या डोळ्याचं पुढे बघू, म्हणाला.

मग एके सकाळी फोन आला, संघात परत घेतलं. मित्रांचा घोळका किनाऱ्यावर निघाला, बॅट-बॉल घेऊन, आणि स्टंप विसरून. कासवांचे दिवस होते. अंडी घातलेल्या जागेभोवती वनखात्याने काठ्या रोवून जाळी बांधली होती. त्याने मला खूण केली, त्या काढ. मी म्हटलं, सर, खाली अंडी आहेत.

"अंडी खाली आहेत ना? काठ्या तर वर आहेत."

तीन काठ्या मी उपटल्या. याच हातांनी. पहिल्याच चेंडूवर मित्राने त्याचा त्रिफळा उडवला, तर म्हणाला, नोबॉल. देशासाठी खेळणारा माणूस, कासवाच्या काठ्यांवर आऊट झाला तर तेही कबूल करेना.

कुणीतरी शूटिंग केलं होतं. दुपारपर्यंत सगळ्यांच्या फोनवर ते. संध्याकाळी त्याने माफीचा व्हिडिओ टाकला: स्थानिक कामगाराच्या अज्ञानामुळे हे घडलं. स्थानिक तर मी नव्हतोच. अज्ञान म्हणाल, तर सातवी नापासाला कासवाची अंडी कळली होती, आणि इंग्रजीत मुलाखती देणाऱ्याला नाही.

कायद्याचं वनखातं बघेल, गाव म्हणालं. आम्हाला एवढंच हवं, त्याने स्वतः देवळात येऊन नारळ ठेवावा आणि चूक सांगावी. तो सरावाला निघून गेला. त्याच्या मॅनेजरने मला बोलावून हातात नारळ दिला, मॉलमधला, सोलून गुळगुळीत केलेला. चूक तुझी म्हणून तुझ्याच नावाने देवापुढे गाऱ्हाणं घालून घे, म्हणाला. नोकरी राहील, आईच्या डोळ्याचंही होऊन जाईल. रात्रभर त्या डोळ्याचाच विचार केला.

गाऱ्हाणं घालणारे म्हातारे माझेच घरमालक. मी त्यांना आजा म्हणायचो. नवीन आलो तेव्हा तापात पडलो होतो, तर आठवडाभर पेज त्यांच्याच घरची. देवळात दहा-बारा माणसं जमली होती. आजांनी नारळ हातात फिरवला.

"शेंडी खंय? तुमच्या सरान देवाकय टकलो नारळ धाडलो?"

माणसं हसली. आजांनी आपल्या पिशवीतला शेंडीचा नारळ काढून देवापुढे ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"कोणाच्या नावान घालूं, पुता?"

आईचा तो धुरकट डोळा समोर. माझं नाव घ्या म्हटलं की संपलं होतं.

"काठ्या मी काढल्या, आजा. त्यांनी सांगितल्यावर."

"मगे दोगांचीं नांवां घालतां."

आणि त्यांनी घातली. आधी माझं, मग त्याचं, पूर्ण, बापाच्या नावासकट. शेवटी म्हणाले, "आनी जो आज हंय येवंक पावलो नाय, तेचो गुडगो बरो कर, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे एका सुरात म्हणाले. मीही म्हणालो.

तेही कुणीतरी शूटिंग केलंच. दुसऱ्या दिवशी माझी पिशवी बंगल्याच्या गेटबाहेर होती. आजांनी ओळखीने डिचोलीच्या एका कारखान्यात चिकटवलं, आता तिथे खोकी बांधतो. तो मात्र खेळतोय. परवा अर्धशतक मारलं आणि आकाशाकडे बघून हात जोडले. देवळात यायला पाय नव्हते, कॅमेऱ्यापुढे हात बरे जुळतात.

आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. गावी ती सामने बघते, त्याने करून दिलेल्या त्या एका डोळ्याने. फोनवर दर वेळी विचारते, सर बरे आहेत ना, दुसऱ्याचं कधी म्हणाले? मी म्हणतो, दौऱ्यावर आहेत.