विकलेल्या जोडीचं दावं

माझ्या हातची पहिली दोन अ‍ॅम्प्लिफायरं कशी विकली गेली हे सांगायचं तर आधी वडिलांबद्दल सांगायला हवं. ती विक्री त्यांनी जवळजवळ मोडलीच होती, तीसुद्धा अगदी चांगल्या मनानं.

वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. तापीकाठची काळी जमीन, कापूस, चार बैल आणि ठाम मतं, एवढी त्यांची इस्टेट. मतं जमिनीपेक्षा जास्त होती. दुसरी मोठी लढाई संपता संपता मी सुरतेहून परत आलो. तिथं एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे तीन वर्षं काढली होती. लष्कराचं उरलेलं सामान तेव्हा सुरतेच्या जुन्या बाजारात शेराच्या भावानं मिळे. त्यातून मी रेडिओचे काचेचे व्हॉल्व आणले, तांब्याची तार आणली आणि आमच्या पडवीत बसून दोन अ‍ॅम्प्लिफायरं बांधायला घेतली. आबांनी सामानाची ट्रंक उघडून पाहिली आणि बंद केली. शेजाऱ्यांना ते सांगत, पोरगा सुरतेहून डबडी घेऊन आला आहे.

डबडी म्हटलं की माझं डोकं फिरायचं. मी तडकाफडकी बोलायचो, आबा बोलायचेच नाहीत, आणि माय दोघांना वेगवेगळं वाढायची.

काम मात्र मी मन लावून केलं. रॉकेलच्या डब्यांचा पत्रा कापून, ठोकून सपाट केला. मायच्या चरख्यावर तार गुंडाळून ट्रान्सफॉर्मर केले. वेढे मोजताना कोणी हाक मारली की सगळं उलगडून पुन्हा सुरुवात. गावात वीज नव्हती, म्हणून ती मोटारीच्या बॅटरीवर चालतील अशी केली. प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरच्या दोन पेट्या होत्या. एकीत व्हॉल्व, दुसरीत बॅटरीची वीज वाढवून देणारं यंत्र. दोन्ही पेट्या जोडायला मी चार तारा एकत्र घेऊन हातभर लांबीची दोरी केली. तिच्यावर मायनं सुताची वीण घातली, अगदी वेणीसारखी. दोरीच्या टोकाला जळालेल्या व्हॉल्वची बुडखी बसवली. त्यांच्या पितळी खिळ्या पेटीच्या भोकांत नेमक्या बसत. असं दुसरं बुडखं मिळवायला सुरतेलाच जावं लागलं असतं.

आबांनी त्या उन्हाळ्यात माझ्यासमोर पेच ठेवला. शहाद्याच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर कापूस तोलून लिहून घेणारा कारकून हवा होता. तिथल्या मुनीमाशी त्यांचं बोलणं झालं होतं. मला नोकरी नको होती. काट्याशी बसून आयुष्य काढायचं या विचारानं जेवण जाईना. शेवटी आबा एवढंच बोलले, "आखाजीलगून इकाई गयात ते तुन्हं खरं. नहीते जीनमा जाई बस."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. तोवर पेट्या विकायला दीड महिना होता.

गिऱ्हाईक मिळालं ते नंदुरबारच्या एका लग्नामुळे. तिथं मी पेट्या फुकट वाजवल्या होत्या, नावासाठी. वऱ्हाडात नवापूरकडच्या डोंगरातले एक शेतकरी होते, त्यांच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीतले वडीलधारे. आठवड्यानं ते एका सोबत्याला घेऊन आमच्या दारात आले. चैत्रात त्यांच्याकडे मोठा मेळावा भरे. एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष, आणि मागच्यांना प्रवचनातलं काहीच ऐकू येत नसे. त्यांना दोन्ही बाजूंना एकेक भोंगा हवा होता, म्हणून जोडीच हवी होती. त्यांनी एकेक पेटी ऐकली, मग दोन्ही एकत्र ऐकल्या आणि म्हणाले, घेतो, पण उघड्या मैदानात वाजली तर. मी लगेच हो म्हटलं.

आबा बाजेवर बसून सगळं बघत होते. मोलभाव झाला तेव्हा ते उठून गोठ्यात गेले. मला वाटलं, तोंड फिरवलं.

निघायच्या दिवशी मात्र त्यांनी स्वतः गाडी जुंपली. पेट्या त्यांनीच गोणपाटात बांधल्या, खाली कडब्याचा थर दिला आणि मला हात लावू दिला नाही. मी वर्षभरानं त्यांच्यावर खूश झालो. नंदुरबारच्या स्टेशनावर त्यांनी पेट्या डब्यात चढवल्या, प्रत्येकीवर हात ठेवला आणि गाडी वळवून गेले.

नवापूरला उतरून मी बैलगाडीनं डोंगरातल्या त्या गावी पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. मेळावा दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला होता. मैदानात मांडव घातलेला होता. पाचपन्नास माणसं भोवती जमली आणि मी ऐटीत गोणपाट सोडलं. चारही पेट्या होत्या, भोंगे होते, बॅटऱ्या होत्या. जोडणाऱ्या दोऱ्या नव्हत्या. एकही नाही.

मी कडबा झटकला, गोणपाट उलटं केलं, आपले खिसे चाचपले. माझे कान तापले. वडीलधारे शांत होते. उद्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे म्हणाले, आणि मला भाकरी खाऊ घालून स्टेशनाकडे पाठवलं. मी मिळेल त्या गाडीनं नंदुरबार गाठलं, फलाटावर पडून राहिलो आणि उजाडताना घरी आलो.

माय सडा घालत होती. मी विचारलं तसं तिनं गोठ्याकडे बोट दाखवलं. त्या दोऱ्या आबांनी बांधाबांध करताना सोडून घेतल्या होत्या, असं ती म्हणाली.

गोठ्यात एका भिंतीला खुंट्या होत्या. आमच्याकडून विकल्या गेलेल्या बैलांची दावी तिथं टांगलेली असत, काही मी जन्मायच्या आधीची. आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. दाव्याबरोबर घरची लक्ष्मी जाते म्हणतात. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं आणि त्यानं बांधून न्यायचं. त्या ओळीत शेवटच्या खुंटीवर माझ्या दोन्ही दोऱ्या टांगल्या होत्या. त्यांच्या पितळी खिळ्या आबांनी पुसूनही ठेवल्या होत्या.

मी भडकलोच. आबा बैलांना चारा टाकत होते. मी म्हटलं, माझी अब्रू गेली, विक्री गेली, आता जिनिंगचा काटाच माझ्या नशिबी. त्यांनी ऐकून घेतलं. मग चकित होऊन मलाच विचारलं, "इकेल ढोरनं दावं कोनी देस का?"

त्यांना खरंच वाटलं होतं की पेटीला पेटी बांधलेली ती दोरी बांधण्यापुरतीच आहे. मी ताडताड समजावून सांगितलं की या दोरीतूनच वीज जाते, हिच्याशिवाय पेटी म्हणजे नुसता पत्रा. त्यांचा चेहरा उतरला. पण दोऱ्या खुंटीवरून काढायला त्यांचा हात काही जाईना.

मी हात घालणार तेवढ्यात माय माझ्या मागं येऊन हळूच बोलली, "बकरी इकी व्हती तव्हय दोरीसकट दिन्ही त्यास्नी. दावं फक्त बैलस्नं ठेवतस."

मी तसाच थांबलो. वर्षभर ज्यांना डबडी म्हणत होते त्यांची दावी आबांनी बैलांच्या ओळीत लावली होती. माझा राग कुठं गेला कळलं नाही. डोळे भरून आले आणि ते दिसू नयेत म्हणून मी उगाच खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करत बसलो.

मग तोड मीच काढली. दोऱ्या खुंटीवर राहू द्यायच्या, नुसती टोकांची बुडखी सोडवून घ्यायची आणि ट्रंकेतल्या उरलेल्या तारेवर बसवायची. आबा लगेच हो म्हणाले. पण कथलाचा डाख देऊन तारा जोडायला तांब्याची सळई सतत तापलेली हवी आणि दुपारची गाडी चुकून चालणार नव्हती. आबांनी चुलीतले निखारे घमेल्यात आणले, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि सूप घेऊन वारा घालायला लागले. मी सळई मागायचो, ते चिमट्यानं उचलून द्यायचे. कथील वितळून चमकलं की प्रत्येक वेळी मान पुढं करून बघायचे. राळेच्या धुरानं दोघं खोकत होतो. माझ्या कामाला ते त्यापूर्वी कधी इतके जवळ बसले नव्हते.

गाडी मिळाली. ऊन उतरायच्या आत मी मैदानात होतो. उशीर का झाला, दोऱ्या कुठं होत्या, हे मी त्या वडीलधाऱ्यांना खरं तेच सांगितलं. वाटलं होतं, हसतील. ते हसले नाहीत. आमच्याकडेही दावं देत नाहीत म्हणाले, आणि घरातून अंबाडीची दोरी आणून प्रत्येक पेटीला एकेक वेढा बांधला. पेट्या त्यांच्या झाल्या. संध्याकाळी दोन्ही भोंगे वाजले. पार मागं चिंचेखाली बसलेल्या म्हाताऱ्या आपसातलं बोलणं थांबवून ऐकायला लागल्या. मी मांडवाच्या खांबाला टेकून ते बघत राहिलो. इतकं सुख मला नंतरच्या मोठ्या कामांतही क्वचित झालं. रात्री त्यांनी ठरलेली रक्कम दिली आणि वर तांदळाचं गाठोडं बांधून दिलं.

आखाजीला बहिणी माहेरी आल्या होत्या, लिंबाला झोका होता, पितरांची घागर भरून झाली होती. आमरसाच्या जेवणाला आबांनी त्या मुनीमालाच बोलावलं होतं. मी धसकलो. पेट्या विकल्या गेल्या होत्या, पण आबांनी त्यावर चकार शब्द काढला नव्हता, आणि शब्द फिरवला तर बापाला कोण अडवणार? जेवण झाल्यावर मुनीमानं विचारलंच, पोरगा कामावर कधी येतो?

आबा उठले आणि नुकत्याच धुतलेल्या ओल्या हातानंच मुनीमाला गोठ्यात घेऊन गेले. मीही मागं गेलो. भिंतीवरच्या दाव्यांकडे बोट दाखवत त्यांनी एकेका बैलाचा इतिहास सांगितला, कोण शर्यतीत पळायचा, कोणाला कुठल्या बाजारात किती मागणी आली. मुनीम पोट सांभाळत हं हं करत होता. शेवटच्या खुंटीशी त्या सुताच्या वेण्या बघून त्यानं विचारलं, हे कसलं?

"हाई मन्हा पोऱ्यानी पहिली जोडीनं दावं शे," आबा म्हणाले आणि त्या खुंटीच्या पलीकडे भिंतीत त्यांनी ठोकून ठेवलेल्या दोन नव्या, रिकाम्या खुंट्या त्याला दाखवल्या.