संकष्टीच्या दुपारचा अपघात

३ फेब्रुवारी. आज सकाळी गाडीच्या विम्याचं नूतनीकरण करायला बसले. वर्षभरात क्लेम नाही, म्हणून सवलत मिळाली. या कामाला बसलं की मध्य प्रदेशातल्या देवासची ती केस हटकून डोळ्यांपुढे येते.

मी तिथल्या एका पोलीस ठाण्याची प्रभारी होते. एका संध्याकाळी आमच्या मराठी समाजातले एक काका, निवृत्त शिक्षक, स्वतःहून ठाण्यात आले. दुपारी चारच्या सुमारास बायपासवर त्यांच्या गाडीने एका सायकलवाल्याला धडक दिली होती. त्याचा हात मोडला होता. "गाडी मीच चालवत होतो," काका म्हणाले. हवालदाराने जबाब लिहिला, त्यांनी सही केली. लायसन्स चोख, आयुष्यात एक चालान नाही.

तेवढ्यात जखमीचा भाऊ तणतणत आला. गणपती मंदिराबाहेर त्याचं फुलांचं दुकान.

"भिया, किसने ठोका मेरे भाई को?"

हवालदाराने बाकाकडे बोट दाखवलं. तो बघतच राहिला.

"काका? क्या मजाक है! ये तो दोपहर से मंदिर में पाठ करवा रहे थे. माइक पे इन्हीं की आवाज थी."

काकांना मी माझ्या खोलीत घेतलं.

"काका, आज संकष्टी. अथर्वशीर्षाचं सहस्रावर्तन तुम्हीच सांगता ना?"

"हो."

"मग आवर्तन अर्धवट टाकून गाडी काढलीत, असं लिहू?"

अपघात अंगावर घ्यायला निघालेला माणूस, पण याला 'हो' म्हणू शकला नाही. "अर्धवट नाही टाकलं," ते हळूच म्हणाले. "पुरं करूनच उठलो, तेव्हा पाच वाजले होते."

गाडी त्यांची मुलगी चालवत होती. ती धारजवळच्या बाग गावाहून ठशांच्या छापाचं कापड आणून देवासमध्ये विकायची. गाडी बंद तर धंदा बंद. आधीचे दोन अपघात, दोन क्लेम, हप्ता चढलेला. तिसऱ्यानंतर कुठलीच कंपनी विमा देणार नाही, पण चालक म्हणून बाबांचं नाव दिलं तर हा अपघात तिच्या खात्यात मोजला जाणार नाही, असं बापलेकीने परस्पर ठरवून टाकलं होतं. मुलीला बोलावून घेतलं.

"लायसन्स आहे?"

"आहे, ताई."

"विमा चालू आहे?"

"आहे."

"मग घाबरलीस कशाला? जखमीची भरपाई कंपनीनेच दिली असती. तुझा हप्ता वाढला असता. फार तर दुसरी कंपनी शोधावी लागली असती."

ती म्हणाली, "बाबांचा जबाब फाडून टाका ना."

"सही झालेला जबाब फाडता येत नाही."

काकांनी कंपनीलाही फोन करून स्वतःचंच नाव सांगितलं होतं. पुढे दुरुस्तीचा क्लेम नाकारला गेला, जखमीची भरपाई रखडली, आणि खोटी माहिती दिल्याबद्दल काका कोर्टाच्या चकरा मारू लागले. मंदिरात त्यांनी पुन्हा माइक हातात घेतला नाही. लोक गुन्ह्यापेक्षा वाढत्या हप्त्याला जास्त भितात, हे मी त्या केसमध्ये शिकले. अशा वेळी घरातलं सर्वांत स्वच्छ नाव पुढे करतात, आणि नेमकं तेच खराब होतं. वाईट वाटलं, पण वाईट वाटून कागद बदलत नाहीत.

पण ते सगळं नंतरचं; अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांविरुद्धच्या अहवालावर सही केली आणि दवाखान्यात गेले. हाताच्या ऑपरेशननंतर जखमी आता शुद्धीवर होता. "दीदी चला रही थी, मैडम," तो म्हणाला. "भागी नहीं. एम्बुलेंस आने तक मेरे पास बैठी रही. उसको तंग मत करना." मी ते शब्दशः लिहून घेतलं, त्याला वाचून दाखवलं. उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून सहीऐवजी डावा अंगठा घेतला.