सोनूबाईंची खुर्ची

सोनूबाईंच्या गुडघ्यांवर राजूरजवळच्या त्या गावात प्रत्येकाकडे एक उपाय होता, आणि प्रत्येक उपायाचा शेवट ‘आता वय झालं’ याच वाक्याने होई. ते ऐकले की त्यांच्या अंगाचा तिळपापड होई. वय झाले म्हणून भाकऱ्या थापायला दुसरे कुणी पुढे येत नव्हते.

जालन्याच्या डॉक्टरांनी मात्र वय काढले नाही. झिजलेले सांधे पूर्ववत होणार नाहीत. मांडीला बळ आणा, वजन वाढू देऊ नका आणि जमिनीवर बसणे बंद करा, एवढेच त्यांनी सांगितले. सोनूबाईंनी ते कायद्यासारखे पाळले. सकाळी बाजेवर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची वळकटी दाबायची, गरम पाण्याने शेकायचे, मगच कामाला हात लावायचा. भाकऱ्या ओट्यावर, उभ्याने. दुखणे गेले नाही, पण आटोक्यात आले. दम लागला की मुलाने, अंगदने, आणलेली, हात असलेली प्लास्टिकची खुर्ची होतीच.

अडचण एकच होती. थोरले दीर काकासाहेब घरी आले की ती खुर्ची सोडावी लागे. मोठ्या दिरासमोर बाईने खुर्चीवर बसायचे नाही, त्यांच्याशी थेट बोलायचेही नाही, हा घराण्याचा रिवाज. मागच्या दिवाळीत त्या अशाच खाली बसल्या. उठताना घरातल्या दोघींनी काखेत हात घालून त्यांना उचलले, तेव्हा काकासाहेब म्हणाले होते, “जेसीबी बोलवा रे.” सगळे हसले. सोनूबाईही हसल्या. आपण हसलो, याचाच त्यांना नंतर जास्त संताप आला. पुन्हा कुणाला असे उचलू द्यायचे नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवले.

नात तृप्तीच्या साखरपुड्याला अंगणात सतरंज्या पसरल्या होत्या. काकासाहेबांची जीप दारात थांबताच अंगद लगबगीने खुर्चीवर बसलेल्या आईजवळ आला.

“माय, दोन घंटे खाली बस की. पाव्हण्यांदेखत इज्जतीचा सवाल हाये.”

“इज्जत तुमची अन् गुडघे माझे? हे कुठलं बराबर?”

काकासाहेब आले, पुरुषांच्या बाजूच्या खुर्चीवर बसले आणि दुखरा गुडघा चोळत मोठ्याने म्हणाले, “अंगद, तुझ्या मायला सांग, आपल्यात मोठ्यांसमोर बायका खुर्चीवर बसत न्हाईत.”

सोनूबाईंनी पदर सारखा केला आणि लग्न होऊन या घरात आल्यापासून प्रथमच त्या दिराशी थेट बोलल्या.

“दादा, तुमचा गुडघा दुखून राह्यला म्हणून तुम्ही खुर्ची घेतली. कुणी इचारलं न्हाई. बराबरच हाये. माझेबी दुखून राह्यलेत.”

“मी पुरुष माणूस हाये.”

“डॉक्टरनी माझ्या गुडघ्याचा फोटो काढला, त्यात हाडच दिसलं. बाई हाये का पुरुष, ते त्याच्यात दिसलं न्हाई.”

पाहुण्यांकडच्या बायकांत कुणीतरी पदरात हसू दाबले. काकासाहेब उठले, त्यांनी आपली खुर्ची उचलून भिंतीकडे फिरवली आणि पाठ करून बसले. कुंकू, ओटी, अंगठी, सगळे त्यांच्या पाठीमागे पार पडले. तृप्ती पाया पडायला गेली, तेव्हा त्यांनी मान न वळवता हात मागे नेऊन आशीर्वाद दिला. जेवायला मात्र ते थांबले नाहीत.

जीप निघून गेली तसा अंगद आईवर चिडला. “उद्या जाऊन माफी माग त्यांची. घराण्यात तोंड दाखवायला जागा न्हाई ठेवली तू.”

सोनूबाईंनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि कुणाच्या आधाराविना, सावकाश, त्या उठून उभ्या राहिल्या.

“मागते,” त्या म्हणाल्या. “पण कशाची मागायची, तेवढं आधी तू सांग.”

अंगद सतरंजीची घडी घालू लागला. सोनूबाई उत्तरासाठी तिथेच उभ्या राहिल्या.