राईच्या डावखुऱ्याची पक्की खबर

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. त्या वर्षी मी अशी काही माती खाल्ली, की सांगताना अजून माझे कान गरम होतात!

घरी नेट नव्हतं आणि मोबाइलवर सापाच्या खेळापलीकडे काही नव्हतं, तेव्हाची गोष्ट. आम्ही गिरगाव सोडून नुकतेच मीरा रोडला आलेलो. रविवारी जेवण झालं की मी नया नगरच्या सायबर कॅफेत जाऊन बसायचो आणि क्रिकेटच्या फोरमवर तासभर हरवून जायचो. बायको म्हणायची, "तुम्ही नुसते दिसता इथे. असता कुठे, देव जाणे." खोटं कशाला बोलू? बाल्कनीतून लांबवर मिठाचे पांढरे ढीग दिसायचे, तर मला तिथेही फिल्डिंग लावलेली दिसायची. ऊन कलायला लागलं की वाटायचं, झाला टी-ब्रेक.

तर त्या फोरमवर स्वतःला आतला माणूस म्हणवणारे ढिगाने होते. कोणी सिलेक्टरचा भाचा, कोणी कॅप्टनचा शेजारी. जो फार बोलतो तो फेकतोय, हा माझा नियम. एकच जण कमी बोलायचा. नाव घेतलं होतं 'पॅव्हेलियन'. एकदा त्याने लिहिलं, "उद्या ओपनर लवकर आउट होणार." आणि झाला! आता ओपनर लवकर आउट होणं ही काही आकाशवाणी नव्हे, पण मी त्याच्या नावापुढे बरोबरची खूण केली. हो, त्यासाठी वही होती माझ्याकडे.

आणि एका रविवारी हा पॅव्हेलियन लिहितो, "मुंबईच्या संभाव्य खेळाडूंत राईचा एक डावखुरा बोलर. खबर पक्की."

मी खुर्चीतून उडालोच! राईचा डावखुरा म्हणजे आमचा हेमंत. माझ्याबरोबर सोसायटीच्या रविवारच्या टीममधून खेळायचा, तेवीस वर्षांचा. वडील दामूकाका, जन्म मिठागरात गेलेला. आता मला सांगा, खाडीकाठच्या राई गावात कोण कसा बॉल टाकतो, हे बाहेरच्याला कसं कळणार? म्हणजे हा माणूस आतलाच!

रिक्षा केली आणि राईला निघालो. वाटेत डोळे मिटले तर भरलेलं स्टेडियम, हेमंत रनअप घेतोय, आणि कॉमेंट्रीवाला चक्क माझं नाव घेतोय. उतरायचं ठिकाण गेलं तरी मला पत्ता नाही.

"हेम्या, तुझं झालं!"

"खरंच, दादा?" तो बघतच राहिला. "पण उद्या मी वसईच्या कारखान्यात जॉइन होतोय. मामाने किती खटपट करून लावलंय."

"अरे, कारखाना कुठे पळून जातोय? आठवडाभर थांबायला सांग त्यांना."

त्याने सांगितलं. तिथला साहेब म्हणाला, शनिवारपर्यंत कळव, नाहीतर दुसरा माणूस घेतो.

इकडे सोसायटीचे सेक्रेटरी शहाभाई पेटले. "अरे साहेब, अपना बोलर मुंबई से खेलेगा! फ्लेक्स लगाना पडेगा!" दोन दिवसांत गेटवर फ्लेक्स. हेमंतचा फोटो लहान, शहाभाईंचा मोठा, आणि कोपऱ्यात मी. खाली लिहिलेलं, 'मार्गदर्शक'. मी येता-जाता तिथे जरा रेंगाळायचो.

शुक्रवार संपला. पत्र नाही, फोन नाही. शनिवारी सकाळी दामूकाका हेमंतला घेऊन दारात.

"तू बोलतंस त्ये खरा हाय का न्हाय? पोराची नोकरी जायाची पाली आली. कोनी सांगलं तुला?"

"काका, एकदम आतला माणूस आहे."

"मंग त्याला इचार. आताच इचार."

तिघेही कॅफेत गेलो. मी लिहिलं, "राईच्या बोलरची खबर तुला दिली कोणी?"

पॅव्हेलियनचं उत्तर आलं, "महिन्याभरापूर्वी इथेच एकाने लिहिलं होतं. मीरा रोडचाच आहे, त्या बोलरबरोबर खेळतो. त्याच्यापेक्षा आतला कोण असणार?" खाली लिंक होती.

पान इंचाइंचाने उघडत गेलं. "खाडीवरून वारा सुटलाय, आणि राईच्या एका डावखुऱ्याचा बॉल त्या वाऱ्यावर अलगद वळतोय. मुंबईच्या यादीत त्याचं नाव मला आत्ताच दिसतंय." काय सुंदर लिहिलं होतं हो! क्षणभर मला पुन्हा खात्री वाटली. मग वर लिहिणाऱ्याचं नाव पाहिलं.

मीच तो! रविवारचं मटण जेवून, अर्धवट झोपेत केव्हातरी लिहून मोकळा झालो होतो, आणि साफ विसरलो होतो.

हेमंतने वाचलं. कोपऱ्यावरच्या पीसीओत जाऊन त्याने कारखान्यात फोन लावला. जागा अजून रिकामी होती, सोमवारी ये म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला, पण त्याच्याकडे बघायची मला लाज वाटत होती.

दामूकाकांना वाचता येत नव्हतं. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"काय झाला? तो मानूस तुज्या वलकीचा हाय का?"

"आहे, काका," मी म्हणालो. "लहानपणापासून ओळखतो. पण त्याच्या एका शब्दावर विश्वास ठेवू नका."